केसरबाईची वेगळी चूल

केसरबाई माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक काटेरी कुंपण आहे, पण त्याला आजवर कोणी जुमानलेलं नाही. माझ्या कोंबड्या तिच्याकडे असतात, तिचा दोडक्याचा वेल माझ्याकडे, आणि आमच्या गप्पा दोन्हीकडे. मी शिवणकाम करते. अहेरीतल्या अर्ध्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांबद्दलची मतं. तेव्हा केसरबाईच्या चुलीची हकिगत मीच सांगणार. दुसऱ्या कोणी सांगितली तर चुकीची सांगेल, आणि ती चुकीची सांगितली गेली म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

केसरबाईने सारा जन्म एका आश्रमशाळेत स्वयंपाक केला. जंगलातली शाळा, तीनेकशे पोरं, आणि स्वयंपाकघर म्हणजे वर पत्रे टाकलेली, तिन्ही बाजूंनी उघडी जागा. नवरा लवकर गेला. धनराज तेव्हा रांगतही नव्हता. त्याला पाठीशी बांधून तिने भात रांधला, आणि तो मोठा झाला तो त्याच पोरांच्या पंगतीत बसून. तिथे ती फारसं बोलतच नसे. झारा गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, आपटला की पंगत बसायची, पुन्हा आपटला की गप्प व्हायची. पुढे तिची बोलायची रीतच तशी होऊन बसली. वाक्य दोन शब्दांचं, फार तर तीन. कोणाला काही समजावून सांगायचं असतं, हे तिच्या गावीच नाही. भुकेल्या माणसाला समजावायचं काय, वाढायचं.

निवृत्त झाली आणि धनराजने अहेरीत बांधलेल्या नव्या घरी राहायला आली. धनराज वनविभागाच्या लाकूड डेपोत कामाला आहे. पोरगा सरळ, निर्व्यसनी, आईला जपणारा. एकच खोड. घरात बोलायची वेळ आली की त्याला तहान लागते. तो पाणी प्यायला आत जातो आणि विषय संपल्यावरच बाहेर येतो. त्याचं लग्न मोनालीशी झालं, हे मात्र त्याच्या नशिबाचं. मोनाली आरोग्यसेविका आहे. स्कूटीवर बसून आडगावांत जाते, लेकरांना लस देते, बाळंतिणींना दम देते. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती केसरबाईला ‘आई’ म्हणते, आणि ते तोंडदेखलं नाही, हे माझ्यासारख्या खवचट बाईलाही मान्य करावं लागलं.

मग कुठं काय अडलं? अडलं ते ओट्यापाशी. एकदा पावसात स्कूटी घसरली आणि मोनालीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आता चालते ठीक, जरा लंगडते, पण खाली बसणं म्हणून नाही. म्हणून धनराजने स्वयंपाकघर केलं ते सगळं उभ्याचं. उंच ओटा, भिंतीला आणि खाली पांढऱ्या फरश्या, वर धूर ओढायची चिमणी. मोनाली ते स्वयंपाकघर डोळ्यांच्या बाहुलीसारखं ठेवते. आणि केसरबाईचं उलटं. ती जन्मभर पाटावर बसून चुलीसमोर रांधत आली. ओट्यापाशी थोडा वेळ उभी राहिली की तिची कंबर धरते. एकीला बसता येत नाही, दुसरीला उभं राहवत नाही. त्यामुळे एकाच घरात असून त्या दोघी एका जागी कधी रांधू शकल्या नाहीत. मोनाली आत भाजी फोडणीला टाकायची आणि केसरबाई दारात बसून सांबार निवडायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ते निवडायला असा किती वेळ लागतो?

तरी केसरबाईने एकदा हट्टाने गॅसवर सुके झिंगे, म्हणजे सुकी कोळंबी, भाजले. झिंगे भाजले की तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तो उघड्यावरचाच प्रकार आहे. घरात तो वास पडद्यांत बसला, उशांत बसला, धनराजच्या डेपोच्या कपड्यांतही बसला. मोनाली एक शब्द बोलली नाही. खिडक्या उघडल्या, फरश्या पुसल्या, आणि जेवताना झिंगे दोनदा वाढून घेतले. बोलली असती तर बरं झालं असतं. केसरबाई संध्याकाळी कुंपणापाशी आली आणि तिने चक्क लांब वाक्य उच्चारलं.

“वच्छला, मी माह्याच घरी पाहुणी हाय.”

मी हातातली सुई थांबवली. तिला चहा दिला. ज्या बाईने झाऱ्याच्या आवाजावर तीनशे पोरं जेवू घातली, तिने आता चमचा धुवायला घेतला तरी पोरगी ‘राहू द्या ना आई, मी करतो’ म्हणते. प्रेमानेच म्हणते. पण काम काढून घेतलेल्या माणसाला प्रेमही टोचतं.

दुसऱ्या दिवशीपासून केसरबाई सांदवाडीत दिसायला लागली. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिच्या सांदवाडीत एक पेरूचं झाड, एक पपई, धुणं धुवायचा दगड, आणि बाकी मोकळी माती. पौषातले दिवस होते. तिने खाट काढली आणि दिवसभर ती खाट इकडून तिकडे ओढत राहिली. सकाळी पेरूखाली, दुपारी भिंतीकडे, उतरत्या उन्हात पपईकडे. मला वाटलं ऊन खाते आहे.

“ऊन नाई खात,” ती म्हणाली. “सावली पाहून राह्यलो.”

“थंडीत सावली पाहून काय करशील? उन्हाळ्यात ती दुसरीकडेच जाईल.”

“तेच पाहून राह्यलो.”

मग मूठभर तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, घेऊन ती एकेका कोपऱ्यात पेटवायची आणि धूर कुठे जातो ते कमरेवर हात ठेवून बघायची. पहिल्या दिवशी धूर सरळ माझ्या खिडकीत आला. माझ्या मशीनवर तेव्हा कोणाच्यातरी लग्नाचं मोतिया रंगाचं ब्लाऊज होतं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण केसरबाईने ते शांतपणे ऐकलं, जळतं तणीस पायाने विझवलं आणि म्हणाली, “इथी नाई जमत.” जणू मी शिव्या दिल्या नाहीत, वाऱ्याची माहिती दिली. मग सकाळचा वारा वेगळा, संध्याकाळचा वेगळा, असं बघत बघत तिने पेरूच्या पलीकडचा कोपरा ठरवला. तिथून धूर झाडावरून मागच्या पडीक जागेत जातो. ना माझ्याकडे, ना तिच्या घरात.

जागा ठरल्यावर ती मातीत बसली. नुसती बसली. पाट मांडून, पुढे चूल आहे असं समजून हात लांब केले, उजवीकडे वळून नसलेला गंज उतरवला, डावीकडून नसलेलं मीठ घेतलं, आणि जिथे जिथे हात पोचला तिथे चुन्याची रेघ मारली. माझ्याकडे बाई येते तेव्हा मी टेप लावते. ही स्वतःच टेप झाली होती. सांडपाणी पपईकडे जाणार, लाकडं भिजणार नाहीत म्हणून वर कवेलूंचं छप्पर, चुलीला वारुळाची माती, कारण ती तापून भेगाळत नाही. सगळं ठरलेलं. ती खुशीत होती. तोंडाने काही गुणगुणतही होती, पण तिचं गाणं ऐकून काही ओळखू येत नाही.

बांधायला आले जलालुद्दीनभाऊ. मूळचे राजुऱ्याचे, पण अहेरीत अर्ध्या घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. काम चोख, तोंड मोकळं. एका विटेमागे एक गोष्ट सांगतात. त्यांनी जागा पाहिली आणि पहिलं वाक्य काढलं, “बाई, इतक्या दूर कायले? घराच्या भिंतीले लागून चूल घेऊ ना. भिंत तयार हाय, इटा वाचते.”

केसरबाईने मान हलवली. त्या भिंतीपलीकडे मोनाली-धनराजची झोपायची खोली. भिंत तापणार, काळी पडणार. हे सगळं तिच्या मनात होतं, पण बोलली ती आपल्या रीतीनेच.

“घराले लागून नको. मले वेगळी चूल पायजे.”

इतकंच. मी त्या वेळी मशीनवर होते, नाहीतर पुढचं काही झालंच नसतं.

जलालुद्दीनभाऊ संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसले. कोणीतरी विचारलं, सध्या काम कुठं? त्यांनी मिस्त्रीच्या साध्या भाषेत सांगितलं, “केसरबाईकडं. वेगळी चूल बांधून राह्यलो. घराले लागून नको म्हन्ते.” बिचाऱ्यांना विटा-माती सोडून दुसरं काही म्हणायचं नव्हतं. पण आपल्यात वेगळी चूल म्हटलं की विटा-माती कोणाच्या डोक्यात येते? सासू वेगळी निघाली, हेच येतं. टपरीवर लगेच माना डोलल्या. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. बाजारात गोष्टीला पाय फुटतात, अहेरीच्या बाजारात तर पंखच. दुपारपर्यंत केसरबाईच्या घरी भांडण झालेलं होतं, संध्याकाळपर्यंत भांड्यांचे वाटे पडलेले होते, आणि माझ्याकडे पिको करायला आलेल्या एका बाईने तर सूनबाईने सासूला झिंग्यांवरून घालून पाडून बोलल्याचं मलाच येऊन सांगितलं. मी शेजारी राहते आणि मला माहीत नाही!

मी तिला फटकारलं खरं. पण ती गेल्यावर माझ्याही मनात किडा वळवळायला लागला. झिंग्यांचं तर खरं होतं. पाहुणी असल्याचंही केसरबाई स्वतःच बोलली होती. आणि आता बघावं तर सांदवाडीत चुलीच्या बाजूला जलालुद्दीनभाऊ चांगला कमरेइतका उंच ओटा बांधत होते, वर काळी कडप्प्याची फरशी. पुरतं स्वयंपाकघरच. म्हणजे ही बाई चार दिवसांची हौस करत नव्हती, कायमचंच बाहेर पडत होती. जलालुद्दीनभाऊंनीही तिला विचारलं, “बाई, तुमी तं बसून रांधता. उभा ओटा कायले?”

“कामी पडते,” केसरबाई म्हणाली. झालं स्पष्टीकरण.

मोनालीला हे कळलं ते बाजारात. भाजीवाली तिला म्हणाली, “मॅडम, मेथीची एकच जुडी न्या आता. तुमी दोघंच ना घरी?” मोनाली काय समजायचं ते समजली. तिने एकच जुडी घेतली, पिशवी हँडलला अडकवली आणि घरी आली. हे मला नंतर तिनेच सांगितलं. स्कूटीवर रडू येतं तेव्हा हेल्मेटची काच खाली करायची, कोणाला दिसत नाही, हेही तिनेच सांगितलं.

आता एखादीने सासूला विचारलं असतं, का हो, माझं काय चुकलं? भांडली असती, रुसली असती. मोनाली मानी. तिला वाटलं, आईंना माझ्याजवळ राहायचं नसेल तर मी पदर धरून का बसू? ती एकदम अदबीने वागायला लागली. ‘आई, चहा घेता का’ ऐवजी ‘आई, चहा ठेवला आहे.’ आणि एका सकाळी तिने मागच्या दाराशी भांडी काढून ठेवली. दोन गंज, तवा, कणीक मळायचा कोपर, पाण्याचा पितळी गुंड, तांदळाचा डबा, तेलाची अर्धी कॅन, सगळं घासून, पुसून, ओळीने. वर एक नवी कोरी काडेपेटी.

केसरबाईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की ती धावतच कुंपणाशी आली.

“वच्छला, पाह्य! पोरीनं माह्या चुलीसाठी भांडे काढून ठेवले. न सांगता. मनातलं ओळखते माह्या.”

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. पोरगी डोळे सुजवून ड्यूटीवर गेलेली मी स्वतः पाहिली होती, आणि ही बाई हसून वाटा मोजते आहे! इतकी कठोर असेल असं वाटलं नव्हतं. मी कोरडेपणाने ‘हो का’ म्हटलं आणि मशीनवर जाऊन एक बाही उलटी शिवली.

धनराजचं काय, तर तो त्या आठवड्यात इतकं पाणी प्यायला की विहीर आटावी. बायको बोलत नाही, आई गुणगुणते, गाव विचारतं. शेवटी त्याने आपल्या परीने मोठा पराक्रम केला. राजुऱ्याला मामाला फोन लावला. डोमामामा, केसरबाईचा धाकटा भाऊ. गोल चेहऱ्याचा, पान खाणारा, नात्यातली भांडणं मिटवायला नेहमी तयार, आणि मिटली तर जरा हिरमुसणारा.

मामा आला तेव्हा उतरती दुपार होती. चूल बांधून, सारवून, वाळून तयार होती. लाल मातीची, दोन तोंडांची, वर कवेलू. पण केसरबाईने ती अजून पेटवली नव्हती; चांगला वार बघत होती. भावाला पाहून तिला आनंद झाला. चूल बघायलाच आला, असं तिला वाटलं. मीही कुंपण ओलांडून गेले. मला राहवतं कुठं?

डोमामामा खाटेवर बसला, पान लावलं आणि घसा साफ केला. “बाई, झालं ते झालं. आता भांड्याकुंड्याचं काय ठरलं ते सांग.”

“ते काय, मोनालीनं देल्ले ना,” केसरबाई कौतुकाने म्हणाली. “गुंड बी देल्ला.”

“गुंड बी?” मामा चमकला. “राजीखुशीनं?”

“मंग? मागा लागलं नाई.”

“अन् जागेचं?”

“जागा हे काय, पेरूजवळची. मस्त हाय. धूर बी नाई येत घरात.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की इतक्या गुण्यागोविंदाने वाटणी झालेली त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. “अन् धनराज कोणीकडं जेवन?” त्याने हळूच विचारलं. “त्याची वाटणी कशी?”

“धनराजची कायची वाटणी?” केसरबाई हसली. “काहीबी बोलते हा.”

तिचं ते हसणं बघून माझं डोकं सटकलं. मी उठून उभी राहिले. “हसते काय केसरबाई? पोरगी रडून रडून अर्धी झाली अन् तुले हसू येते? म्हातारपणी लेकापासून वेगळी निघाली, गावभर झालं, अन् भाऊ वाटे कराले येऊन बसला! काय केलं वं तुयं मोनालीनं? झिंग्याचा वास पुसला एवढंच ना?”

केसरबाईला पहिल्यांदा काही कळलंच नाही. ती माझ्याकडे, मग भावाकडे, मग दाराशी ओळीने मांडलेल्या भांड्यांकडे बघत राहिली. काडेपेटीवर तिची नजर थांबली.

“वेगळी?” ती म्हणाली. “मी?”

“मंग तूच तं म्हटलं मिस्त्रीले. वेगळी चूल पायजे म्हणून.”

“भिंतीपासून वेगळी!” तिचा आवाज चिरकला. “भिंत तापते, पोरगी झोपते तिकडं… भिंतीपासून म्हटलं मी!”

मी आजवर तिला तशी पाहिली नव्हती, आणि मला वाटलं, माझी जीभ झडून पडली तर बरं. ती उठली, लाकडांच्या मागे गेली आणि जलालुद्दीनभाऊंनी विसरलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली. सरळ चुलीसमोर उभी राहिली.

“बाई, काय करून राह्यली!” मामा खाटेवरून उठायला गेला आणि पानाचा डबा सांडला.

“फोडतो,” ती म्हणाली. “घर फुटून चूल कायले पायजे मले?”

तिने खरंच फोडली असती. त्या बाईने महिनाभर सावली पाहिली, वारा पाहिला, मातीत बसून स्वतःच्या हाताने रेघा मारल्या होत्या, आणि ती एका घावात ते सगळं मातीत घालायला निघाली होती, कारण सून रडली. मी तिचा दंड धरला. तीनशे माणसांचा भात ढवळलेला दंड तो, मला काय आवरणार? मी ओढले गेले तिच्याबरोबर.

तेवढ्यात स्कूटी वाजली. मोनाली बाजूच्या बोळातून सांदवाडीत आली, हेल्मेट अजून डोक्यावरच. समोर सासू सब्बल उगारून, शेजारीण तिच्या दंडाला लोंबकळलेली, मामा गुडघ्यांवर सुपाऱ्या वेचतो आहे.

“आई! काऊन फोडता?” ती ओरडली. “मी काई म्हटलं का तुम्हाले? राहा ना तुम्ही वेगळ्या, मी काई आडवी आलो का? भांडे देल्ले, तेल देल्लं…” आणि पुढे तिला बोलताच येईना. हेल्मेटच्या आतच हुंदके यायला लागले.

केसरबाईने सब्बल टाकली. पुढे झाली, सुनेच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ते माझ्या हातात दिलं. मग मोनालीचं मनगट धरून तिला ओढत चुलीपाशी नेलं आणि त्या उंच ओट्यासमोर उभं केलं.

“उभी राह्य.”

मोनाली डोळे पुसत उभी राहिली.

“हात ठेव.”

तिने कडप्प्यावर हात ठेवले. ओटा बरोबर तिच्या कमरेला लागला. कोपरं न वाकवता, खांदे न उचलता. मी मापं घेणारी बाई आहे. मला एका नजरेत कळलं की हे घरातल्या ओट्यापेक्षाही नेमकं होतं.

“हा माह्या कामाचा हाय का?” केसरबाई म्हणाली. आता तिचे शब्द थांबत नव्हते. “मी तं खाली बसतो. तुह्या गुडघ्याले बसता येत नाई. आत मले उभं राहता येत नाई. मी खाली, तू इथी. बोलत बोलत रांधू म्हटलं दोघी. म्हणून बांधलं. वेगळी निघाची असती तं एवढा उंच ओटा कोणाच्या बापासाठी बांधला असता?”

मोनालीने ओट्यावरून हात उचललेच नाहीत. तशीच उभी राहून ती आधी रडली आणि मग हसली. “सांगाचं होतं ना आई,” ती म्हणाली. “एका शब्दानं सांगाचं होतं.”

“सांगाचं काय,” केसरबाई पुटपुटली. “दिसते ना.”

हेच ते. तिच्या मते सगळं दिसतं.

धनराज डेपोतून आला तेव्हा आम्ही चौघं चुलीभोवती बसलेलो आणि सगळ्यांचे डोळे लाल. त्याने एक नजर टाकली आणि पाणी प्यायला आत जायला वळला. “इकडं ये!” असं मी, त्याची आई आणि त्याची बायको तिघी एकदमच ओरडलो. तो आला आणि खाटेच्या टोकावर बसला. जलालुद्दीनभाऊंना मी दुसऱ्या दिवशी काय ते ऐकवणारच होते, आणि ऐकवलंही. ते कानाला हात लावून म्हणाले, यापुढे चूल म्हणणार नाही, भट्टी म्हणेन.

डोमामामाला आता कामच उरलं नव्हतं. राजुऱ्याहून येऊन हात हलवत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने ती कोरी काडेपेटी उचलली, हातात फिरवली, आणि मग वडीलधाऱ्या आवाजात म्हणाला, “ह्या काडीनं पेटवू नका. आपल्यात वेगळी निघालेली चूल नव्या काडीनं पेटते. घरचीच असन तं घरातून इस्तो आणावा लागते.”

इस्तो म्हणजे जळता निखारा. केसरबाईने मान डोलावली. तिच्याही आईकडे तसंच होतं. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“घरात इस्तो कुठला?” धनराज म्हणाला. “गॅस हाय.”

मोनाली उठली. लाकडांच्या ढिगातून तिने एक गोवरी उचलली आणि लंगडत आत गेली. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग चिमणी घरघरायला लागली, आणि मग असा धूर निघाला की खिडकीतून बाहेर लोट आले. केसरबाई ताडकन उठली. “काय करून राह्यली ते? आवं, फरशी काळी होईन! पडदे!” ती दारापर्यंत धावली. आतून मोनाली येत होती. हातात चिमटा, चिमट्यात धगधगणारी गोवरी, चेहऱ्यावर काजळी. मागे तिच्या त्या लाडक्या पांढऱ्या फरशीवर राखेचे आणि ठिणग्यांचे काळे ठिपके, ओट्यापासून दारापर्यंत.

“फरशी पाह्य पोरी, फरशी!”

“असू द्या आई,” मोनाली म्हणाली. “बाजूला व्हा. हात भाजते.”

केसरबाई बाजूला झाली. मोनालीला खाली बसता येईना, म्हणून तिने चिमटा सासूच्या हातात दिला. केसरबाईने पाट ओढला, बसली, गोवरी चुलीत सरकवली, वर काटक्या रचल्या आणि फुंकणी तोंडाला लावली. पहिल्या फुंकीला नुसता धूर, दुसरीला जाळ. धूर पेरूवरून मागे पडीक जागेत गेला. दाराशी मांडलेला मोठा गंज आणि तेल धनराजने आणून दिलं. तिने तेल ओतलं, आणि मान वर न करता बोलली.

“कांदा चिर. बारीक.”

मोनाली ओट्यापाशी उभी राहिली आणि तिने कांदा चिरला. घाईघाईत जाडच चिरला. केसरबाईने तो पाहिला आणि तसाच तेलात टाकला.